गॅलरीतली मेथी, गच्चीवरचा दोडका

पाऊस ओसरायला लागला की परसबागेच्या पत्रांचा ओघ वाढतो. यंदा कीड, खत आणि औषध यांबद्दल फार विचारलंय. पण पत्रं सावकाश वाचली की बहुतेक ठिकाणी दुखणं उन्हाचं किंवा पाण्याचं निघतं. झाडाच्या मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते, हे आपण विसरतो. खालची उत्तरं वाचताना हे ध्यानात असू द्या.

प्रश्न : आम्ही कॉलेज रोडला तिसऱ्या मजल्यावर राहतो. पश्चिमेची गॅलरी आहे, आठ-नऊ फूट लांब. एका नर्सरीवाल्याने वीस कुंड्या, माती, खत असा सगळा संच घ्यायला सांगितलंय. आजवर तुळशीशिवाय काही लावलेलं नाही. सुरुवात कशी करू?

ताई, वीस कुंड्या आत्ता अजिबात घेऊ नका. आधी एक सुट्टीचा दिवस बघून दर तासाने गॅलरीत डोकवा आणि ऊन जिथवर येतं तिथे खडूने रेघ मारा. पश्चिमेच्या गॅलरीत दुपारी ऊन शिरतं ते मावळेपर्यंत राहतं. समोर इमारत नसेल तर चार तास तरी मिळतात. पालेभाजीला तेवढं पुरतं. टोमॅटो, वांगी, मिरचीला मात्र सहा तास लागतात, त्यामुळे त्यांचा विचार सध्या बाजूला ठेवा. कठडा भरीव भिंतीचा असेल तर खाली ठेवलेल्या कुंडीपर्यंत ऊन पोचतच नाही, तेव्हा ती विटांवर किंवा स्टुलावर उचलून घ्या. दिवाळीनंतर सूर्य आणखी दक्षिणेला कलतो, सावल्या सरकतात. तेव्हा रेघा पुन्हा मारा.

कुंड्यांऐवजी क्रेट आणा. आपल्या नाशकात टोमॅटो आणि द्राक्षाचे प्लास्टिकचे क्रेट काही कमी नाहीत. कड तुटलेले, शेतकऱ्याने बाजूला काढलेले जुने क्रेट स्वस्तात मिळतात. आतून हिरवी शेडनेट किंवा गोणपाट लावा, म्हणजे माती सांडत नाही आणि चारी बाजूंनी हवाही खेळते. दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट आणि वर मूठभर निंबोळी पेंड, एवढंच भरा. शेणखत कुजलंय की नाही हे नाकाला कळतं. त्याला शेणाचा वास येता कामा नये, पहिल्या पावसानंतर मातीला येतो तसा वास हवा. कोकोपीटची वीट एकदा भिजवून पाणी काढून टाका, पुन्हा भिजवा, मग वापरा. त्यात खार असतो.

पहिल्या क्रेटात मेथी. मूठभर दाणे रात्रभर भिजवा, सकाळी निथळून मातीवर सारखे पसरा, वर जेमतेम दाणे झाकतील इतकी माती भुरभुरवा आणि झारीने पाणी द्या. तांब्याने ओतलंत तर सगळे दाणे एका कोपऱ्यात गोळा होतील. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर येते आणि पंचवीस-तीस दिवसांत भाजीला होते. दुसऱ्या क्रेटात दहा-बारा दिवसांनी पेरा, म्हणजे पहिली संपते तेव्हा दुसरी तयार असते. नंतर पालक घ्या. पालक उपटायचा नाही, बाहेरची पानं खुडत राहायचं, तो पुन्हा पुन्हा फुटतो.

कोथिंबिरीला मात्र दम धरावा लागतो. धने लाटण्याखाली हलके रगडून त्यांचे दोन फाके करा, कारण एका धन्यात दोन बिया असतात. उगवायला आठ-दहा दिवस लागतात, कधी त्याहूनही जास्त. सहाव्या दिवशी ‘काही येत नाही’ म्हणून माती उकरणारे खूप आहेत. तुम्ही उकरू नका.

नवख्या माणसाने घटस्थापनेच्या सुमारास पालेभाजीपासून सुरुवात करावी, असं मी दरवर्षी सांगते. पावसाचा मारा संपलेला असतो, थंडी यायची असते आणि महिन्याभरात घरची जुडी ताटात पडते. तेवढ्याने हात बसतो. टोमॅटोला अडीच महिने थांबावं लागतं, आणि मध्येच रोग आला की उमेद जाते.

प्रश्न : टोमॅटो आणि मिरचीचं बी चहाच्या कागदी कपांत टाकून स्वयंपाकघरातल्या खिडकीत ठेवलं. उगवलं छान, पण आठवड्यात रोपं दोऱ्यासारखी लांब झाली. मग बुडाशी काळी पडून आडवी झाली. खत कमी पडलं का? (सिडको)

खताचा काही संबंध नाही. इतक्या लहान रोपाला वरून खत लागतच नाही, बियातली शिदोरी त्याला पहिली दोन पानं येईपर्यंत पुरते. तुमच्याकडे दोन वेगळी दुखणी एकामागून एक आली आहेत.

रोपं लांब झाली ती उजेडासाठी. देवघरात घटाशेजारचं धान्य नऊ दिवसांत वीतभर वाढतं, पिवळसर आणि लवलवतं असतं, ते डोळ्यांसमोर आणा. अंधाऱ्या कोपऱ्यात तिथे जे घडतं तेच तुमच्या खिडकीत घडलं. बी उगवेपर्यंत कप सावलीत चालतात. पण मातीतून पहिली वाकडी मान वर दिसली की त्याच दिवशी ते उघड्या उजेडात हलवा. सुरुवातीला सकाळचं कोवळं ऊन द्या, चार दिवसांनी वाढवा.

बुडाशी काळं पडून आडवं होणं म्हणजे रोपमर. सतत ओल्या राहिलेल्या मातीत बुरशी खोडाला जमिनीलगत धरते. कपाला खाली भोकं होती का, ते पत्रात लिहिलेलं नाही. नसतील तर पाडा, तीन तरी. पाणी वरून न देता कप ताटलीतल्या पाण्यात ठेवा. वरची माती ओलसर दिसली की उचलून घ्या आणि वरचा थर सुकेपर्यंत पुन्हा देऊ नका. पुढच्या वेळी बी टाकण्याआधी शेणखतात थोडी ट्रायकोडर्मा पावडर मिसळा, ही रोगाच्या बुरशीला आवरणारी चांगली बुरशी. कृषी सेवा केंद्रात ती सहज मिळते.

खरी पानं चार-पाच झाली की रोप मोठ्या कुंडीत हलवा. टोमॅटोचं रोप लांबट झालेलं असेल तर खालची पानं काढून खोड अर्धं मातीत गाडा. त्या खोडालाही मुळं फुटतात. मिरचीला असं खोल गाडायची गरज नाही.

प्रश्न : म्हसरूळला आमच्या गच्चीवर दोडक्याचा वेल मांडवभर पसरलाय. पिवळी फुलं भरपूर येतात, पण दोडका धरत नाही. बोटाएवढा दिसतो, पिवळा पडतो आणि गळतो. शेजारच्या काकू म्हणतात वेल वांझ आहे, उपटून टाका.

उपटू नका! वेल चांगला आहे, परागीभवन तेवढं होत नाहीये.

आज संध्याकाळी मांडवाखाली उभ्या राहून फुलं नीट बघा. काही फुलं एका लांब दांड्यावर घोसाने आलेली असतील आणि त्यांच्यामागे नुसता देठ असेल. ती नर फुलं. काही एकेकटी असतील आणि पाकळ्यांच्या मागे करंगळीपेक्षा बारीक, शिरा असलेला इवलासा दोडका आधीच दिसेल. ती मादी. वेल सुरुवातीचे काही दिवस बहुतेक नर फुलंच देतो, मादी मागाहून येतात. त्यामुळे आधीची फुलं गळून पडली तर त्यात काळजीचं काही नाही. मादी फुलामागचा दोडका पिवळा पडून गळतो तेव्हा मात्र समजायचं की त्याच्यापर्यंत पराग पोचलेच नाहीत.

आता मुद्द्याची गोष्ट. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं. त्या वेळी मधमाश्या पोळ्यावर परतलेल्या असतात आणि काम पतंगांवर येतं. शेतात पतंग असतात, चौथ्या मजल्याच्या गच्चीवर कमी. म्हणून हे काम तुम्ही करा. दिवेलागणीला ताजं उमललेलं नर फूल तोडा, पाकळ्या मागे दुमडून काढून टाका. मधले पुंकेसर बोटाला लावून बघा, पिवळी पूड लागली म्हणजे पराग तयार आहेत. मग ते पुंकेसर मादी फुलाच्या मधोमध असलेल्या तीन भागांच्या हिरवट गोंड्यावर हलक्या हाताने फिरवा. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलं होतात. दोन-तीन दिवसांत बारीक दोडका फुगायला लागला की काम झालं. आठवड्याभरानंतर नख लावून बघत जा, कोवळा असतानाच तोडा. वेलावर जून होऊ दिला तर पुढची फुलं कमी येतात.

इतर वेलांच्या वेळा वेगळ्या आहेत. दुधीचं फूलही संध्याकाळचं. गिलकं, कारलं, काकडी आणि लाल भोपळा सकाळचे. त्यांना आठ-नऊच्या आत हात लावावा लागतो, ऊन चढलं की पराग वाळतात.

तुमचा वेल ‘मांडवभर’ आहे म्हणता, म्हणजे पानांचा जोर जास्त दिसतो. युरिया किंवा शेणखताचं पाणी देत असाल तर महिनाभर थांबवा आणि मुख्य शेंडा खुडा. बाजूच्या फांद्यांवर मादी फुलं जास्त येतात. आणि धरलेला दोडका वाकडा होऊन त्यावर डिंकाचा थेंब दिसला तर ती फळमाशी. ते फळ तोडून पिशवीत बंद करून टाका, मातीत टाकू नका, आणि वेलभाज्यांसाठीचा कामगंध सापळा, म्हणजे वासाने माशी ओढणारा, मांडवाला टांगा.

प्रश्न : मिरचीची पानं चुरमुडली आहेत. दीर निफाड तालुक्यात द्राक्षबाग करतात. ते बागेतलं उरलेलं औषध आणून देतो म्हणतात, ‘एका फवाऱ्यात साफ होईल’. मारू का? (गंगापूर रोड)

नको. यावर मी जरा सविस्तर लिहिते, कारण नाशकात जवळपास प्रत्येकाचा कोणी ना कोणी नातेवाईक बागायतदार असतो आणि अर्धी उरलेली बाटली घरी येतेच. दिरांचा हेतू चांगला आहे, बागेत ते औषध योग्यही असेल. पण प्रत्येक औषधाच्या लेबलवर ते कोणत्या पिकासाठी आहे आणि फवारल्यावर किती दिवस तोडणी करायची नाही, हे छापलेलं असतं. बागायतदार तोडणीचा हिशेब धरून फवारणी थांबवतो. आपण घरात रोज चार मिरच्या तोडतो, शेजारच्या क्रेटातली कोथिंबीर आत्ता खुडून वरणावर टाकतो. आंतरप्रवाही औषध झाडाच्या आत भिनतं, धुऊन जात नाही. शिवाय बागेचं प्रमाण शेकडो लिटर पाण्याचं असतं, ते एका लिटरवर आणताना थेंबांचा घोळ होतो. आणि गॅलरीत फवारलेलं खिडकीतून आत येतं. घरात लहान मूल असेल तर ती बाटली उंबऱ्याच्या आतही येऊ देऊ नका.

आता मिरचीकडे वळू. पानाच्या कडा वर वळून होडीसारख्या झाल्या असतील तर फुलकिडे. कडा खाली वळून पान अरुंद झालं असेल आणि देठ लांबला असेल तर कोळी नावाची अतिबारीक कीड. खात्री करायला कोवळा शेंडा पांढऱ्या कागदावर आपटा. गवती रंगाचे, कशीदाच्या सुईच्या टोकाएवढे लांबट जीव चालताना दिसले तर फुलकिडे आहेतच. कोळी मात्र नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, त्यासाठी भिंग लागतं.

फुलकिड्यांसाठी सकाळी पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा मारा, निळे चिकट सापळे झाडाच्या उंचीवर लावा आणि आठवड्यातून एकदा निंबोळी अर्क फवारा. अर्क घरी करता येतो. पन्नास ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्या कुटून फडक्यात बांधा, लिटरभर पाण्यात रात्रभर ठेवा, सकाळी पिळून गाळा, थोडं साबणाचं पाणी घाला. तो दुसऱ्या दिवसावर ठेवायचा नाही, त्याच दिवशी संध्याकाळी फवारायचा. कोळी असतील तर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम. पण निंबोळी तेल किंवा अर्क मारल्यावर दोन आठवडे गंधक मारू नका, पानं करपतात.

सगळा शेंडाच गुच्छासारखा आखडला असेल, नवी पानं खुरटी आणि पिवळट असतील तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू, आपल्याकडे ज्याला बोकड्या म्हणतात. त्यावर औषध नाही. ते झाड उपटा, बाकीची वाचवा.

प्रश्न : आडगावला रो-हाऊस घेतलंय. समोर दहा बाय पंधराची जागा आहे. वर बिल्डरचा राडारोडा, खाली काळी माती. पाऊस झाला की चिखल, उघडला की भेगा. वाळू टाकली तर माती मोकळी होईल का?

वाळूच्या नादी लागू नका. चार पाट्यांनी काळ्या मातीला काही फरक पडत नाही, आणि फरक पडेल इतकी वाळू परवडणार नाही. आधी राडारोडा उचलून बाहेर काढा. त्यातल्या सिमेंट-चुन्याने माती आणखी चुनखडीची होते.

काळ्या मातीशी वागायचं ते वाफशावर. मूठभर माती घेऊन गोळा करा आणि अंगठ्याने दाबा. चिकटून चपटी झाली तर अजून ओली आहे, फावडं ठेवून द्या. भुरभुरून फुटली तर वाफसा आला, त्या दिवशी खणा. ओली असताना खणलेली काळी माती ढेकळं धरते आणि ती ढेकळं उन्हाळाभर तशीच राहतात. पाणी देतानाही हीच कसोटी. वर भेग दिसली म्हणून पाइप लावू नका, चार बोटं खाली उकरा. तिथे ओल असते.

सपाट वाफे न करता गादीवाफे करा. तीन फूट रुंद, अर्धा-पाऊण फूट उंच, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो आणि वाफ्यावर पाय द्यावा लागत नाही. वरच्या थरात कुजलेलं शेणखत सढळ हाताने मिसळा, ताजं शेण नको, त्यातून हुमणीची अळी येते. वर दोन-तीन इंच पाचट किंवा वाळला पाला अंथरा. एवढ्याने भेगा निम्म्याहून कमी होतात.

पहिल्या हंगामात भाजीची घाई करण्याऐवजी अर्ध्या जागेत हरभरा टोका, असा माझा आग्रह आहे. काळ्या मातीच्या ओलीवर तो थंडीत आरामात येतो, मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नत्र देतो, आणि कोवळे शेंडे खुडले की घरची हरभऱ्याची भाजी मिळते. खुडल्याने तो जास्त फुटतो. माती तपासून घ्यायची असेल तर गंगापूर धरणाच्या रस्त्याला मुक्त विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे चौकशी करा. नमुना एकाच ठिकाणचा नेऊ नका. चार-पाच जागी वीतभर खोल खड्डा करून कडेची माती खरवडा, एकत्र करा आणि त्यातली अर्धा किलो न्या.

प्रश्न : कंपोस्टच्या बादलीत करड्या, चपट्या अळ्या झाल्यात आणि घाण वास येतो. सगळं फेकून देऊ का? (नाशिक रोड)

अळ्या राहू द्या. करड्या, चपट्या, चामड्यासारख्या दिसणाऱ्या या अळ्या काळ्या सैनिक माशीच्या. त्या ओला कचरा भराभर खातात आणि झाडाला काही करत नाहीत. पांढरी, जाड, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली अळी कुंडीत दिसली तर मात्र ती हुमणी, ती वेचून काढायची. वास येतो तो ओलाव्याने. बादलीच्या बुडाला आणि बाजूंना भोकं पाडा, प्रत्येक थरावर दुप्पट वाळला पाला किंवा फाडलेला पुठ्ठा घाला, दोन-तीन दिवसांनी काठीने हलवा.

प्रश्न : आम्हाला बोअरचं पाणी आहे. कुंड्यांना पांढरा थर चढतो आणि वांग्याची वरची पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात. (इंदिरानगर)

पिवळेपणा कोणत्या पानांवर आहे हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, निदान तिथेच होतं. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या म्हणजे लोह कमी. खालची जुनी पानं सरसकट पिवळी असती तर नत्र कमी म्हटलं असतं. मातीत लोह असतंच, पण क्षारांच्या पाण्याने आणि चुनखडीने ते मुळांना उचलता येत नाही. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, लिटरला तीन ग्रॅम घ्या, त्यात चिमूटभर लिंबूफूल टाका आणि संध्याकाळी पानांवर फवारा. आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा. महिन्यातून एकदा नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी कुंडीतून खालून वाहून जाईपर्यंत द्या. पांढरा थर खरवडून टाका, मातीत मिसळू नका.

प्रश्न : सोसायटीच्या गच्चीवर पन्नास-साठ क्रेट ठेवायचा विचार आहे. स्लॅबला धोका आहे का?

ओल्या मातीचा एक क्रेट चाळीस-पन्नास किलोंवर जातो. साठ क्रेट म्हणजे अडीच-तीन टन. स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी मत घेतल्याशिवाय एवढं वजन चढवू नका, आणि इमारत जुनी असेल तर अजिबात नाही. दहा-बारा क्रेटांनी सुरू करा. ते स्लॅबच्या मधोमध न ठेवता कडेने, बीम आणि कॉलमच्या जवळ मांडा, खाली विटा लावा म्हणजे पाणी वाहून जाईल आणि फरशी सुकेल. कोब्यावर पाणी साचू लागलं तर खालच्या मजल्यावर ओल येते, आणि मग बागेला सोसायटीत कोणी उभं करत नाही.

प्रश्न : बाजारातल्या टोमॅटोचं आणि घरच्या दोडक्याचं बी धरलं तर चालेल का? (पंचवटी)

बाजारातला टोमॅटो बहुतेक संकरित असतो, त्याचं बी उगवतं पण फळ तसंच येईल याचा भरवसा नाही. बी धरायचंच असेल तर सरळ वाण लावा. भेंडीत परभणी क्रांती, वांग्यात मांजरी गोटा. दोडका सरळ वाणाचा असेल तर वेलाच्या खालच्या भागातलं एक चांगलं फळ हात न लावता वाळू द्या. हलवून आत बी वाजलं की तोडा. टोकाकडची टोपी काढली की बी आपोआप ओघळतं. सावलीत चार दिवस वाळवा, चाळलेल्या राखेत घोळून काचेच्या बाटलीत भरा, वर वाण आणि महिना लिहा आणि कपाटात ठेवा. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, टोकायचं ते हेच.